नांदेड ते लातूर: एका गळपट्ट्याचा रस्ता

एकट्या बाईला मोटारीत बसायचं तर किती जणांना उत्तर द्यावं लागतं, हे तुम्ही कधी मोजलं आहे का?

मी मोजलं आहे. निजामीच्या अखेरच्या वर्षांत मी नांदेडला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दर पंधरा दिवसांनी लातूरला मायकडे जात होते. अड्ड्यावर तिकीट देणारा विचारायचा, "साथ में कौन है?" जनानी बाकावरच्या बाया विचारायच्या. अहमदपूरला मोटार बदलायची, तिथं पिशव्या उचकणारा शिपाई विचारायचा. सगळ्यांना एकच उत्तर, "मी एकटीच आहे." लातूरला पोचेपर्यंत केसांत, दातांत, कानांत फुफाटा आणि पाठीचा पार भुगा झालेला असायचा.

माझे वडील गेले तेव्हा मागं एक ट्रंक राहिली, सरहद्दीपलीकडून लपवून आणलेल्या निजामविरोधी पत्रकांची. मी वाचायला शिकले ती त्यांवर. त्यामुळं माझ्या बोलण्यात 'हक्क' आणि 'अन्याय' फार येत. मायला त्याचा उबग यायचा. "पत्रकासारखी बोलू नको," ती म्हणायची, "नीट सांग. तू जातीस तो रस्ता माझ्या डोळ्यापुढंच येत न्हाई. मग कशी धाडू तुला?" मामा आणि ती मिळून दिवाळीत ठरवणार होते, मला नांदेडला परत पाठवायचं की नोकरी सोडवून घरी बसवायचं.

म्हणून मी तिला रस्ता विणून द्यायचं ठरवलं. शाळेत शिवणाच्या बाईंनी विणीचे बरेच नमुने शिकवले होते. मुली त्यांची हातभर पट्टी करत आणि ट्रंकेत टाकत. मी त्याच नमुन्यांचा गळपट्टा करायला घेतला. एका धनगराकडून काळी-पांढरी लोकर घेतली. ती हाताला टोचायची, पण स्वस्त होती आणि भरपूर होती. नियम असा केला की लातूरला येताना गळपट्ट्याचा एक पट्टा विणायचा, नांदेडला जाताना त्याला जोडून पुढचा, आणि जे दिसेल तेच विणायचं. वेलबुट्टी काढायची नाही, रस्ता आहे त्याहून बरा दाखवायचा नाही.

नांदेडच्या गोदावरीसाठी सुलट-उलट टाक्यांच्या लाटा घेतल्या. लोह्याच्या पुढच्या खडीला दाणेदार वीण. चढणीला मोटार वळसे घेत कण्हायची, तिथं वेणी. अहमदपूरच्या झडतीला मोठ्या भोकांची जाळी, कारण तिथं पिशवीत काहीच झाकलेलं राहत नसे. चाकूरच्या पुढं नुसतं माळरान. तिथं मी साधी वीण घेतली आणि ती विणताना मला हमखास डुलकी लागायची.

एकदा शेजारी हदगावकडची एक म्हातारी बसली होती.

"काय विणून राहिलीस, बाई?"

"रस्ता."

"अन् तो कोणाच्या गळ्यात घालतीस?"

"मायच्या."

"घाल बापा. आमच्या गळ्यात तर जन्माचाच हाय." आणि ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की पानाचा रस पदरावर आला.

एक गोष्ट मला दिसत होती. गळपट्ट्याची कड सरळ येत नव्हती. एक पट्टा रुंद, पुढचा अरुंद, मग पुन्हा रुंद. उसवायला अंगात त्राण नसायचं. लोकरीचा दोष असेल, असं म्हणून मी पुढं विणत राहिले.

दिवाळीत मी तो मायपुढं ठेवला. मामा जवळच बसले होते. माय लोकांच्या वाकळा शिवायची; बोटानं टाका बघायची तिला सवय. मी एकेक गाव सांगत गेले, ती चाचपत गेली. चाकूरशी थांबली.

"ही कड अशी का?"

"लोकर सारखी नाही गं."

"लोकर एकच हाय. हात एक न्हाई." तिनं एक अरुंद पट्टा दोन्ही हातांनी ताणला. तो ताणला जाईना. "हा कवा केलास?"

"येताना."

"अन् हा मोकळा?"

"जाताना."

तिनं पुढचा विचारला. त्याच्या पुढचा. मी दर पत्रात लिहीत असे की घरची फार ओढ लागते. आता उत्तरं देताना माझं मलाच ऐकू येत होतं. नांदेडकडे जाताना बोटं सैल, लातूरकडे येताना प्रत्येक टाका आवळलेला. रस्ता खरा विणायचा म्हणून मी इतकी जपले आणि हे मला दिसलंच नव्हतं.

मामा उसळले. "म्हंजे घर नको झालंय हिला! बघ, पुस्तकं वाचायला लावलीस!"

"दादा, गप ऱ्हा." माय माझ्याकडं बघत नव्हती. "घरी येताना काय व्हतंय तुला?"

"तू विचारतीस ना गं, कायमची कवा येतीस म्हणून. अहमदपूरपासनंच ते ऐकू यायला लागतं."

तिनं गळपट्ट्याची घडी घातली. मग म्हणाली, "शाळा उघडली की जा. अन् पंधरा दिवसाला येऊ नको. यावं वाटंल तवा ये."

मी जिंकले होते. पत्रकात अशा जागी जयजयकार असतो. मी भिंतीला टेकून बसले आणि मला नुसती झोप येत होती. तिनं गळपट्टा कानाला गुंडाळला नाही, मांडीवरच ठेवला.

तुम्हाला एकच सांगते. घरातल्या बाईनं विणलेलं, शिवलेलं काही असेल ते आज हातात घ्या. छान झालंय म्हणून लगेच घडी घालू नका. कुठं आवळलंय ते शोधा, तिथं बोट ठेवा आणि तिला विचारा की तेव्हा काय झालं होतं. ती सांगेपर्यंत जागचे उठू नका.