आधी तुम्ही बसा

काशिनाथदादांच्या ऑफिसात पक्षकार बसल्याशिवाय वकील बसत नसे. माझं कायद्याचं शिक्षण संपलं, तेव्हा बाबा मला साखरशेतहून जव्हारला त्यांच्याकडे घेऊन गेले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दारातच उकिडवे बसले. दादा खुर्चीतून उठले.

"बाबा, वर बसा. नाहीतर मी असाच उभा. फौजेतला आहे, दिवसभर उभा राहीन."

मोलमजुरीत आयुष्य गेलेले बाबा जन्मात पहिल्यांदा वकिलासमोर खुर्चीवर बसले, तेही अगदी कडेला. मी तिथल्या तिथे ठरवलं, हाताखाली काम करायचं तर याच माणसाच्या.

दादा मूळचे पोशेऱ्याचे. नाचणीच्या उतारावरून थेट सैन्यात गेले. तिथल्या पहिल्या जेवणाला ताट घेऊन कोपऱ्यात जमिनीवर बसले, तर हवालदारानं दंड धरून उठवलं. "जवान हो, ऊपर बैठो." हा किस्सा ते येईल त्याला ऐकवत. "बंदूक नंतर दिली, आधी बाक दिला," म्हणत. सैन्यातून सुटल्यावर शिकून वकील झाले. काळा कोट वर्दीसारखा कडक, इंग्रजी मात्र बेताचं. त्यावर मी हसले की म्हणायचे, "हस, बेस हाय. निकाल कुणाचा लागला ते सांग."

सोनीबाईच्या खटल्यात मात्र त्यांनाही घाम फुटला होता. नवरा वारल्यावर ती शेत सोडून माहेरी गेली, असं सांगून पुतण्यानं तिच्या शेतावर हक्क मांडला होता. साक्षीला ती पिंजऱ्यात चढली आणि खाली बसली. बाहेरून तिचा पदरही दिसेना. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी दटावल्यावर उठली, पण प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "सायेब सांगल तसा."

समोरच्या वकिलानं संधी साधली. "तुम्ही शेत सोडून गेलात ना?"

आता ती पुन्हा तेच म्हणाली की शेत गेलंच. तेवढ्यात दादा उठले. "साहेब, बाई साठीच्या पुढं आहेत. खुर्ची मिळावी."

खुर्ची आली. सोनीबाई बसली, खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले आणि तिनं मान वर केली. "नाय. मी कुठं गेले नाय. बांधाचा एकेक दगड मी उचललाय. येऊन बघा."

शेत राहिलं.

पुढं वयाची अट संपता संपता दादा परीक्षा देऊन न्यायाधीश झाले. आमच्या डोंगरातला माणूस न्यायाधीश! मोखाड्याच्या बाजारात दिसेल त्याला थांबवून मी सांगत सुटले. पहिला दिवस कसा गेला, म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणाले, "बेस. पिंजऱ्यात खुर्ची ठेवायला सांगितली. बाकी काय, ऐकायचंच काम."

गेल्या वर्षी दादा आजारपणात गेले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर असतानाच गेले. पोशेऱ्याच्या घरी माणूस मावेना. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. कोर्टातली मंडळी त्यांवर बसली, गावची माणसं सवयीनं खाली. माझे बाबाही खालीच. सोनीबाई काठी टेकत आली. बायांनी सरकून तिला जमिनीवर जागा केली. ती दादांच्या फोटोसमोर थोडी थांबली आणि सरळ जाऊन दोन न्यायाधीशांच्या मधल्या खुर्चीत बसली.

"बसा रं वर," ती खालच्यांना म्हणाली. "तुम्ही बसल्याबिगर तो बसायचा नाय."

सगळ्यांत आधी माझे बाबा उठले. खुर्चीत बसले, चांगले मागं टेकून.