मांडीवरचं पातेलं

भावांनी मागच्या सीटवर बसवून पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं मांडीवर ठेवलं, तेव्हाच मधल्या बहिणीच्या डोक्यात तिडीक गेली. वडिलांच्या मागे दोन जुन्या गाड्या उरल्या होत्या, एक लांबलचक काळी, एक आटोपशीर निळी. शेड रिकामी करायची, म्हणून एक ठेवायची आणि एक विकायची, असं भावांनी परस्पर ठरवलं. थोरल्याला काळी हवी, धाकट्याला निळी. जिच्यात पाणी कमी सांडेल ती राहणार. मधलीलाही काळीच हवी होती, पण ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. इतकी वर्षं शाळेची व्हॅन चालवून तिने घर चालवलं, आणि या दोघांच्या लेखी ती पातेलं धरण्यापुरती!

आधी धाकट्याने निळी टेकडीच्या रस्त्याला घातली. वळणावर ती रस्ता सोडायची नाही, हे कबूल करायलाच हवं. पण स्प्रिंगा इतक्या कडक की खडासुद्धा कमरेला कळायचा, आणि चढावर धापा टाकत दुसऱ्या गियरवर यायची.

"फार नाही सांडलं," धाकटा म्हणाला.

"सांडलं ते माझ्यावर," मधली म्हणाली.

मग पातेलं पुन्हा भरून काळी निघाली. पाणी मोजायला धाकटा पुढे बसला. काळीने खड्डे गिळले, चढ तिसऱ्यातच चढली. वळणावर मात्र तिचं धूड कलायचं. तिचा ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नसे, आणि थोरला एकदाच दाबून मोकळा व्हायचा. अर्धं पातेलं मधलीच्या पोटावर आलं.

वडील दोनदा दाबायचे, ते तिने मागे बसूनच पाहिलं होतं. गाड्या धुवायचं काम तिचं, चालवायला शिकवलं ते मुलग्यांना. शेडचं दार लावून, बंद गाडीत बसून ती स्टिअरिंगजवळचा गियर टाकत राहायची. किल्ली कधी हाती आली नाही. वडिलांनी तोंडाला पानं पुसली होती, हे आज तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

टेकडीच्या माथ्यावर दोघं पातेल्यात डोकावून भांडायला लागले.

"तूच सांग गं," थोरला म्हणाला, "कुठली जास्त हेलकावते?"

तिने उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं. "गाड्या दोन्ही चांगल्या आहेत. तुम्हाला चालवता येत नाही. किल्ली दे, दादा."

"ताई, ही तुझी व्हॅन नाही," धाकटा हसला. "हिचा गियर स्टिअरिंगला असतो."

"माहितीये. मागे बसा दोघं."

तिचा आवाज ऐकून थोरल्याने किल्ली दिली. उतारावर प्रत्येक वळणाआधी तिने ब्रेक एकदा हलका दाबला, एकदा ठाम, आणि काळी शहाण्यासारखी वळत गेली. राग काही उतरला नाही. एवढंसंच होतं, आणि तेवढ्यासाठी तिला आयुष्यभर मागे बसवलं होतं.

शेडकडे वळायचा फाटा आला आणि मागे पडला.

"अगं, कुठे चाललीस?" थोरल्याने विचारलं. रिकामं पातेलं त्याच्या मांडीवर होतं.

"घरी. माझ्या."

व्हॅनच्या शेजारची जागा तिने सकाळीच झाडून ठेवली होती.