आईच्या दातांमागचा च

आईच्या तोंडात सगळे दात नव्यानं बसवायचं ठरलं तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती. वर चारच दात उरले होते, तेही हलणारे. खालचे झिजून हिरडीला टेकलेले. दतिया गेटजवळच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सात-आठ महिने लागतील. आधी किडलेले काढायचे, हिरड्या साफ करायच्या, हाडात स्क्रू बसवायचे, त्यांवर तात्पुरते दात घालायचे. ते तोंडाला मानवले की त्याच मापाचे कायमचे. आईनं एकच विचारलं, "भुने चने खा पाऊँगी न, बेटा?" त्या हो म्हणाल्या, तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली.

लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरापासून तिथवर आम्ही ई-रिक्शानं जायचो. आई वाटेत मोठ्यानं मराठी बोलायची. लहानपणी मला याची भारी लाज वाटे. आजूबाजूला सगळी हिंदी-बुंदेली, आणि ही भर बाजारात मला मराठीत झापायची. मी हिंदीत उत्तर द्यायचो, ती पुन्हा मराठीत. घरात गॅसच्या शेगडीलाही ती चूलच म्हणे. "चमचा चुलीजवळ नको, फडताळात ठेव," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल आणि चमचा हजारदा चुलीजवळच ठेवला असेल. आज ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

तात्पुरते दात बसले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून हिंदीत साठ ते सत्तर आकडे म्हणवून घेतले. थोडं घासलं, पुन्हा म्हणवले, आणि आई स्वच्छ बोलली. घरी येऊन तिनं मूठभर चणे कुडुमकुडुम खाल्ले. मी फुशारकीनं शेजाऱ्यांना सांगून आलो.

आठ दिवसांनी रविवार आला. दर रविवारी दुपारी गुरसरायहून मावशीचा, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचा फोन येई. मी नमस्कार म्हणून तो आईकडे द्यायचो, एवढाच माझा त्यात वाटा. त्या दिवशी आईनं हात हलवला. "कह दे, सो रही हूँ."

मी खोटं बोललो, फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. आई माझ्याशी हिंदीत बोलली होती. मग लक्षात आलं, आठ दिवस ती हिंदीतच बोलत होती. चम्मच दे, खाना लग गया, बत्ती बुझा दे. आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"मराठीत का बोलत नाहीस?" मी विचारलं, तेही हिंदीत.

ती चमचा म्हणायला गेली आणि शिट्टी वाजली. चूल म्हणाली, पुन्हा शिट्टी. हिंदीतल्या च ला जीभ टाळूकडे जाते. आमचा हा च वरच्या दातांच्या मागून येतो, आणि तिथेच नवे दात जाड झाले होते. "ताईला वाटेल, अंगावरून वारं गेलं," आई हळूहळू म्हणाली. "राहू दे. आता हिंदी बरी."

घरात मराठी बोलणारी ती एकटी. तिनं सोडली असती, तर आमच्या घरातली मराठी त्या रविवारीच संपली असती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुझे तो सब साफ़ सुनाई दे रहा है. कौन-सी आवाज़? आप बोलकर दिखाइए."

मी ऐटीत म्हणालो, "चमचा. चूल. जरा."

"ये तो हम भी बोलते हैं, भैया."

खुर्चीतून आईनं मान हलवली. "तुला कुठे येतो तो?"

मग तिनं स्वतःच तोंड उघडलं आणि जीभ कुठे टेकते ती जागा बोटानं दाखवली. बाईंनी तिथे रंगीत कागद लावून पाहिला, आतल्या बाजूनं केसभर घासलं. आई म्हणाली, चूल. शिट्टी. पुन्हा घासलं. तासभर हे चाललं, आणि मी, मराठीचा जाणकार म्हणून आलेला, कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसलो. अखेर आई म्हणाली, "चूल." नुसतं चूल. मग चमचा, चाळणी, चांदणं, माझा. बाईंनी तीच जाडी कायमच्या दातांसाठी लिहून घेतली. मी रुमाल काढून चष्मा पुसत बसलो, खरं तर डोळे.

पुढच्या रविवारी दोघी बहिणी तास-सव्वातास बोलल्या. कुणाचं लोणचं बिघडलं, कुणाची सून चांगली निघाली. मी शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकलं.

ते दात आईला चार वर्षं लाभले. गेल्या माघात ती गेली. रविवारी आता मीच मावशीला फोन करतो, आणि हट्टानं मराठीत बोलतो. पहिल्यांदा केला तेव्हा तिनं माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग काळजीनं विचारलं, "तूही दात बसवून घेतलेस का रे?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "सगळे माझेच आहेत."