अक्काच्या उंदरांची पंगत

भालकीहून येणाऱ्या दुपारच्या बसचा कंडक्टर हळ्ळीखेडच्या फाट्यावर खाली उतरला, माझ्या हातात चार घड्यांची चिठ्ठी ठेवली आणि "मावशी, मास्तरांनी दिलीय" एवढंच म्हणाला. मास्तर म्हणजे मालतीअक्काचे धाकटे भाऊ. कंडक्टर एरवी माझी चेष्टा केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मात्र माझ्याकडं न बघताच त्यानं घंटी मारली. मी चिठ्ठी तशीच घरी आणली, चुलीवर पाणी ठेवलं, ऊन झाल्यावर तांब्यात ओतलं आणि तांब्याला दोन्ही तळवे लावून बसले. सून म्हणाली, "आत्या, एवढ्या उन्हाचं पाणी कामून तापवायलाव?" तिला काय सांगायचं... भीती वाटली की आधी हात ऊन करायचे, ही माझी जुनी सवय. ती मला जिनं लावली तीच गेल्याचं त्या चिठ्ठीत असणार, हे मला न उघडताच कळलं होतं.

त्याला पाच आठवडे झाले. अक्कावर लिहायला शिकलीसवरलेली माणसं पुष्कळ आहेत, पण तिच्या उंदरांची गोष्ट फक्त मला ठाऊक आहे आणि त्या गोष्टीत गुन्हेगार मीच आहे. म्हणून हे धाडस.

आपला भालकी-गुलबर्ग्याकडचा मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यानंतरची ती वर्षं. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात अक्का शिकवायची आणि पदवीसाठी उंदरांवर संशोधन करायची. नवऱ्याचं काम सुटलेलं, पदरात दोन पोरं, अशात मला तिथल्या उंदीरखान्यात झाडझूड करायची नोकरी लागली. सातवी पास होते, त्याची मला काय घमेंड. आणि उंदराची भीती एवढी की पहिल्या दिवशी पिंजरा उघडला, पांढऱ्या उंदरानं लाल डोळ्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, तर मी स्टुलावर चढले. अक्का आत आली. हसली नाही. म्हणाली, "गया, तू वर आणि तो कोपऱ्यात. जास्त कोण भ्यालंय, सांग बघू?" मग खाली उतरवून तिनं माझे हात हातात घेतले. "गार पडलेत. असल्या हातानं धरलीस तर तो चावंल. आधी ऊन पाण्यात हात घाल, मग धर." त्या दिवसापासून पिंजऱ्याला हात लावायच्या आधी ऊन पाणी, हा नियम झाला.

अक्काला तपासायचं होतं ते असं. औषध टोचून उंदरांची साखर चढवायची, माणसाला मधुमेह होतो तशी. मग त्यांचे चार गट करायचे. एका गटाला रोज घंगाळातल्या पाण्यात पोहायला लावायचं, हा व्यायाम. दुसऱ्या गटाला पिठात मेथ्यांची पूड मळून केलेल्या गोळ्या. तिसऱ्याला दोन्ही. दर आठवड्याला शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि साखर कुठं उतरतेय ते बघायचं. ओळख पटावी म्हणून कुणाच्या पाठीवर पिवळा ठिपका, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या शेपटीवर. चौथा गट बिनठिपक्यांचा. त्यांना पोहणं नाही, मेथी नाही, काही नाही. पिंजऱ्यातलं रोजचं खाद्य खायचं आणि बसायचं.

काही नाही म्हणजे का नाही, हे मी विचारलं नाही आणि अक्कानं सांगितलं नाही. सगळा घोटाळा इथून सुरू झाला. मी शेजारच्या पिंजऱ्यात मेथीच्या गोळ्या टाकायला लागले की बिनठिपके जाळीला नाक लावून उभे राहायचे. दोन पायांवर. वास घेत. मला ते बघवायचं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीच मी पुडीतली चिमूट त्यांच्याही पिठात मिसळली, इकडंतिकडं बघून चार गोळ्या सारल्या आणि स्वतःवर इतकी खूश झाले की दिवसभर गुणगुणत होते. सहा आठवडे मी त्यांना जेवू घातलं. आज आठवलं की त्या गुणगुणणाऱ्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

सहाव्या आठवड्याला सगळे आकडे एकत्र मांडले. बिनठिपक्यांची साखर उतरलेली. मला वाटलं, चला, सगळेच बरे झाले. आणि अक्काचं तोंड बघितलं. ती वहीवर ओणवी बसून तीच ओळ पुन्हा पुन्हा तपासत होती. "ह्यांची कामून उतरायली? ह्यांना तर काहीच न्हाई." टोचायचं औषधच खराब असावं, असं तिला वाटलं. तिचे सर हैदराबादेत शिकलेले, रागावले की दख्खनीत बोलायचे. दारातूनच म्हणाले, "मालतीबाई, सोमवार तक समझा दो. नहीं तो ये काम बंद." आत मी घंगाळ घासत होते. घासलेलं घंगाळ मी पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतलं.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. भाकरी थापताना हात गार, पोरीच्या वेण्या घालताना हात गार. खरं बोलले तर नोकरी जाणार, चूल बंद. न बोलले तर अक्काची पदवी जाणार, आणि ती आयुष्यभर त्या औषधाच्या बाटलीला दोष देत बसणार. खोटं काय सांगता येईल, तेही मी पाठ करून बघितलं. पिंजऱ्याला भोक पडलंय, उंदीर इकडून तिकडं गेले असतील... पण भोकही मलाच पाडावं लागलं असतं. शनिवारी दुपारी अक्का काचनळ्या धूत होती. मी मागं जाऊन उभी राहिले आणि तिच्या पाठीलाच सांगितलं.

नळ चालूच राहिला. मग तिनं तो बंद केला. "किती दिवस?"

"पैल्यापासून."

"आणि कामून गं, गया?"

उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. आपोआप आलं. लहानपणी गावातल्या मोठ्या घरच्या लग्नात आमची पंगत बाहेर, भिंतीला लागून बसायची. आतल्या पंगती उठेपर्यंत आम्ही बुंदीचा वास घेत थांबायचो, आणि वाढणारा आमच्यापर्यंत यायचा तेव्हा त्याच्या पातेल्यात नुसता कळ्यांचा चुरा. पुढं आम्ही बौद्ध झालो, त्या दिवशी अप्पांनी सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि म्हणाले, आजपासून ह्या घरात वाढताना हात मागं घ्यायचा न्हाई. "अक्का, ते जाळीला नाक लावून उभं राह्यचे. माझा हात मागं आला न्हाई."

अक्का ओल्या हातांनीच स्टुलावर बसली. पदरानं एकेक बोट पुसत राहिली. रागानं ओरडली असती तर बरं, असं मला झालं. शेवटी म्हणाली, "आमच्या भालकीत मी वाढणाऱ्यांत असायचे." एवढंच.

सोमवारी ती सरांच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर, पदराखाली हात चोळत. आतून तिचा आवाज आला, "चूक माझी आहे सर. खाद्य वाढणाऱ्या बाईला कारण मीच सांगितलं नव्हतं." वहीत तिनं सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि सहा आठवड्यांच्या पानांवर आडवी रेघ मारली. सरांनी पुन्हा सुरुवात करायला परवानगी दिली, पण तिचं वर्ष गेलं. माझी नोकरी राहिली. त्या उंदरांचं काय झालं हे मी विचारायला गेले तेव्हा कळलं की प्रयोग संपला की यकृत तपासायला सगळ्यांनाच मारतात. ठिपकेवाल्यांना आणि बिनठिपक्यांना, सारखंच. त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या खेपेला अक्कानं मला समोर बसवून सगळं समजावलं. काही न मिळणारे उंदीर नसतील, तर मिळालेल्यांना कशानं गुण आला ते कळणार कसं. मला पटलं. पण तीही माझ्याकडून काहीतरी घेऊन गेली होती. यंदा बिनठिपक्यांनाही तेवढीच गोळी, फक्त बिनमेथीची. त्यांनाही रोज उचलायचं आणि उथळ, ऊन पाण्यात तेवढाच वेळ उभं करायचं. "पोहणाऱ्यांना रोज तुझा हात लागतो, ह्यांना लागत न्हाई. नुसत्या भीतीनंबी साखर चढती, गया. हिशेबात भीती सगळ्यांना सारखी पायजे." तिच्या हाताखाली मी रोजची नोंद लिहायला लागले, आणि आज हे चार शब्द लिहितेय ते त्या वहीमुळं. मेथी आणि पोहणं, दोन्हींनी साखर उतरली. आम्हाला वाटली होती तेवढी नाही. अक्कानं तेही तसंच लिहिलं.

पुढं तिला स्वतःलाच मधुमेह झाला. रोज चालायची, मेथ्या खायची, आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "शेपटी न्हाई म्हणून बोट टोचायलेत." मी हसायचे आणि आतून घाबरायचे. दिवाळीनंतर तिच्या पायाची जखम चिघळली, तिला गुलबर्ग्याला हलवलं. पाय कापायच्या आदल्या सकाळी मी गेले. खाटेवर ती एवढीशी दिसत होती. डोळे दाराकडं. मला बघितल्यावर म्हणाली, "गया, हात बघ गं, गार पडलेत." वॉर्डातल्या चहावाल्याकडून मी कपभर ऊन पाणी मागून आणलं, आधी माझे हात शेकले, मग तिचे धरले. जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "मी कुठल्या गटात असंन?"

"गट पाडायची तुमची खोड जाईना, अक्का."

"भ्या वाटायलंय गं."

"मलाबी वाटायलंय," मी म्हणाले. "सारखंच."

त्यावर ती हसली. तेच तिचं शेवटचं हसणं, मी बघितलेलं. पाय कापल्यावर ती भालकीला गेली, आणि तिथून मग ती चिठ्ठी आली.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी माझ्याही रक्तात साखर सांगितली. उद्या सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यायला हुमनाबादला जायचंय. सुनेला मी सांगितलंय, भ्यायचं काय त्यात. आणि ती आत गेल्यावर चुलीशेजारी पितळी तांब्या भरून ठेवलाय, सकाळी नुसता तापवायचा राहील. जायच्या आधी हात ऊन करीन. धरायला अक्का नाही, म्हणून एका हातानं दुसरा धरीन... सुई चावणार नाही मग.