लशीचा खिळा

बस दुरुस्तीच्या कारखान्यात एक दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात एकवीस वर्षं एकच सिस्टर होती. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस काढायचा, भाजलेल्या बोटांना मलम लावायचं, अंगात ताप असून कामावर आलेल्याला दटावून घरी पाठवायचं. माणूस म्हणजे तिच्या लेखी आणखी एक नादुरुस्त गाडी. फरक इतकाच, की गाडी लाजत नाही.

त्या आठवड्यात दवाखान्यात लस आली. सव्वीस वर्षांखालच्या चाळीस मुलांसाठी चाळीस डोस, फुकट. लस होती शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूवरची. पुरुषाला बहुतेकदा पत्ताही लागत नाही, पण तो विषाणू बाईपर्यंत पोचतो, वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि एखादीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होऊन उठतो. पुरुषाला घशाचाही होऊ शकतो. हे सगळं तिने मोठ्या अक्षरात दारावर लावलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी उरलेले डोस परत जाणार होते. शुक्रवार दुपार झाली तरी एकोणचाळीस उरले होते.

घोळ फोरमनने घातला, तोही चांगल्या मनाने. जागा सोडताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, ही कारखान्याची रीत. एक खिळा भांडाराचा, एक कॅन्टीनचा, एक दवाखान्याचा. दवाखान्याच्या खिळ्यावरचा बिल्ला तापाचा की जखमेचा, कोणी विचारत नाही. पण गोंधळ नको म्हणून फोरमनने लशीला वेगळा खिळा ठोकला आणि वर लाल रंगात लिहिलं, 'लस'. पहिल्या दिवशी रंगकाम करणारा पोरगा जाऊन आला. "काय रे, कुठं कुठं तोंड काळं करून आलास?" दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या खिळ्याला बायकांची रिबीन बांधली. मग तिकडे कोणी फिरकलं नाही.

पण तिच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. तिचा भाचा इथेच वेल्डर होता. चोवीस वर्षांचा, महिन्यावर लग्न आलेलं. त्याची आई, म्हणजे सिस्टरची धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी याच कॅन्सरने गेली. शेवटी शेवटी आईला हातांवर उचलून न्हाणीघरात नेणारा हाच. तो सर्वांत आधी येईल असं ती धरून चालली होती. तो आलाच नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती स्वतःच शेडमध्ये गेली. रिबीन सोडून खिशात कोंबली. पोरं भराभरा गाड्यांखाली शिरली.

"सिस्टर, बायकांच्या दुखण्याची सुई आम्हाला कशाला?" एका गाडीखालून आवाज आला.

"बायकांना ते देतं कोण? गिअरबॉक्स?"

हशा झाला. दुसरा म्हणाला, "आमचं लग्न कुठं झालंय अजून? आम्ही कोरे करकरीत."

"म्हणूनच आत्ता. गाडी घाटात उतरल्यावर ब्रेक बसवतोस का तू?"

यावर कोणी हसलं नाही आणि कोणी बाहेरही आलं नाही. ती भाच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, इथं नको," तो हळूच म्हणाला, आणि बिल्ला न अडकवताच तिच्यामागून दवाखान्यात आला. आत आल्यावर मात्र बाही वर करेना.

"घेतली तर कबूल केल्यासारखं होईल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "की आईला ते तसल्या गोष्टीतून झालं. मग लोक आईबद्दल बोलणार. नाहीतर बाबांबद्दल. एका घरात राहतो आम्ही, मावशी. त्यांच्या तोंडाकडं कसं बघू?"

तिने हातातली सुई खाली ठेवली. बहीण गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना 'पोटाचा होता' असं सांगणारी तीच होती. एकवीस वर्षं सिस्टर, आणि तिची जीभ तेवढं एक नाव घ्यायला वळली नव्हती.

"ऐक," ती म्हणाली. "हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो. जन्मभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही. तुझ्या आईने काही केलं नव्हतं. तुझ्या बापाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला बोल नाही. तुला ठाऊक आहे. उद्या त्या पोरीला काही झालं, तर तू कुणाच्या मागे लपणार आहेस?"

मग त्याने बाही वर केली. टोचताना तिचा हात नेहमीइतका हलका नव्हता.

"दोन महिन्यांनी दुसरी. आणि तिलाही घेऊन ये."

तो बाहेर गेला. पत्र्याच्या भिंतीपलीकडे कुणीतरी म्हणालं, "टोचलं का रे मावशीने?"

"माझी आई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली," भाचा म्हणाला. "त्याचीच लस आहे. अजून काही विचारायचंय?"

पाच वाजेपर्यंत चौघे आले. कुणाच्या नजरेला नजर न देता हात पुढे केला आणि गेले. चौतीस डोस खोक्यात परत गेले. सोबतच्या कागदावर परतीचं कारण लिहायचं होतं.

"लिहा की, मुलं उपलब्ध नव्हती," फोरमनने सुचवलं. "सगळे तसंच लिहितात."

बाहेर हातोडे चालू होते, कुणीतरी मोठ्याने शिट्टी वाजवत होतं. सिस्टरने पेन उघडलं आणि लिहिलं: चौतीस जण हजर होते.