सकुबाईच्या हातचं औषध

सकुबाई कुणाला भीत नसे. भाताच्या पेंढीतून घोणस निघाली तर विळ्याच्या पाठीने तिचं डोकं ठेचून ती पुढची ओळ धरायची. नवरा गेल्यावर तिने शहापूरच्या पलीकडल्या गावात एकटीने शेत राखलं, संदेशला बारावी केलं, त्याचं लग्न लावलं, नातीचं तोंड पाहिलं. अशी ही बाई पावसाळ्यापासून स्वतःच्या पोराला घाबरायला लागली होती. आणि पोराला घाबरते हे सांगायचं तरी कुणाला?

संदेश वाशिंदकडच्या एका गोदामात माल चढवायचा. बारा तासांची पाळी, कधी तर एकाला लागून दुसरी. पूर्वी तो दमून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. हळूहळू त्याची झोप उडाली. जेवण नको, पाणी मात्र घटाघट. दातावर दात घासत घरभर फिरायचा, एकच गोष्ट दहादा सांगायचा, आणि मग दोन दिवस मेल्यासारखा पडून राहायचा. बायको, रेश्मा, फोनवर स्वतःच्या आईशी बोलली तरी म्हणायचा, "पोलिसांना माझी खबर देतेस." एक दिवस तर त्याने घरामागची कुडाची भिंत टोकरली. म्हणे आत कोणीतरी कान लावून बसलंय. असं वागणं सकुबाईने लहानपणी माहेरी एकदाच पाहिलं होतं, चुलत्याला बाहेरचं लागलं होतं तेव्हा.

माहेर मुरबाडकडचं. चुलत्याला बरं केलं ते तिथल्या वाडीवरच्या गोमा भगताने, असं सगळे मानत. सकुबाईने पोरावरून मूठभर तांदूळ ओवाळले, भगताने बघून सांगावं म्हणून रुमालात बांधले आणि म्हणाली, "चल, भगताला दाखवून येऊ." संदेश म्हणाला, "तू नको, मी जातो गाडीवर." पोरगा कबूल झाला यातच तिला देव भेटला. संध्याकाळी तो पुडी घेऊन आला. आत खडीसाखर कुटल्यासारखं पांढरं काहीतरी होतं.

"भगत बोलला, रोज सकाळी चिमूट घ्यायची," त्याने सांगितलं. "आनि कुणाला सांगायचं नाय. सांगितलं का गुण गेला."

हे तर सकुबाईला जन्मापासून ठाऊक. भगताच्या औषधाची वाच्यता केली की औषधाची माती होते. स्वतःला मूल राहावं म्हणून खाल्लेल्या मुळीचं नाव तिने सख्ख्या बहिणीला आजवर सांगितलेलं नाही. पोराला आईची ही नस बरोबर माहीत होती, आणि त्याने तीच धरली.

रेश्मा त्याचे खिसे तपासायची, म्हणून पुडी त्याने आईकडेच ठेवायला दिली. सकुबाईने ती भाताच्या कणगीत खोल दडवली. सकाळी हातपाय धुवायचे, देवाला नमस्कार करायचा आणि चिमूट पोराच्या तळहातावर ठेवायची. पुडी सरली की तो "भगताकडून" दुसरी आणायचा.

आणि गुण आला, तोही डोळे दिपवणारा. कापणीचे दिवस होते. गावात अजून सावड चालते, आज सगळ्यांनी मिळून तुमचं भात कापायचं, उद्या आमचं. संदेश कामावर दांडी मारून शेतात उतरला आणि चार माणसांचं रान एकट्याने झोपवलं. पाणी प्यायलाही बसला नाही. शेजारचा जयराम बांधावरून म्हणाला, "सकुबाय, पोरगा तुझ्यावर गेला गो." सकुबाईने कानशिलावर बोटं मोडली आणि मनातल्या मनात भगताला कोंबडा बोलला. माणूस झिजून काम करतो की काम माणसाला झिजवतं, हे आपल्याकडे कोण बघतं? रास वाढली की झालं.

रेश्मा मात्र बघत होती. "आई, ते औषध नाय वाटत मला," ती एकदा चुलीपाशी हळूच म्हणाली. "गालफडं बसलीत त्यांची. यांच्या गोदामातली पोरंपन असलंच कायतरी घेतात."

"तोंड बंद ठेव," सकुबाई तिच्यावर खेकसली. "तुझ्या बोलन्यानं गुण जाईल."

शेवटलं शेत कापून झालं. बोललेला कोंबडा द्यायलाच हवा, नाहीतर उलटतं. कोंबडा पिशवीत घालून, नारळ घेऊन सकुबाई मुरबाडच्या एसटीत बसली. गोमा भगत अंगणात वाल सोलत होता. आता फार म्हातारा झालेला. तिने नारळ पुढे ठेवला, कोंबडा पुढे ठेवला, पाया पडली.

"कशाचा गो हा कोंबडा?"

"माझ्या संदेशला तुमी औषध दिलंत त्याचा. पांढरी पुडी."

भगताने सोललेले वाल बाजूला ठेवले. "सकू, तुझा पोरगा माझ्या दारात आलाच नाय. आनि पांढरं औषध मी कुणाला देत नाय. माझं सगळं पाला नायतर मुळी. त्याला होतंय काय ते सांग."

तिने सांगितलं. झोप, दात, कूड, पोलीस, चार माणसांचं काम. भगताने कोंबडा तिच्याकडे सरकवला. "शहरातली नशेची पावडर हाय ती. एमडी बोलतात. आमच्या वाडीतला एक पोरगा त्यानंच गेला. जोर येतो म्हनून घेतात, मग ती सोडत नाय. हे माझ्या हातातलं काम नाय. त्याला दवाखान्यात ने, आजच. आनि कोंबडा परत घेऊन जा."

परतीच्या एसटीत ती काय विचार करत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. हातातल्या पिशवीत कोंबडा फडफडत होता. दसऱ्याच्या आधीपासून रोज सकाळी, रोज सकाळी. पोर मरेल, आणि आपल्या हाताने मरेल, एवढंच तिला कळत होतं.

घरी आली तर अंगणभर भाताचे भारे विस्कटलेले. संदेश हातात विळा घेऊन एकेक भारा उसवत होता. रेश्मा लेकीला घेऊन आतून कडी लावून बसली होती, पोरीचं रडणं बाहेर ऐकू येत होतं.

"इथंच लपलाय तो," संदेश म्हणाला. मग आईकडे वळला. डोळे तांबडे, ओठ फाटलेले. "आई, औषध दे."

"सरलं."

"कणगीत हाय. दे."

विळ्याला तिनेच धार लावलेली होती. सकुबाई दारासमोर जाऊन उभी राहिली. "दवाखान्यात चल बाबा," ती म्हणाली. तो दोन पावलं पुढे आला आणि छातीला हात लावून खाली बसला. विळा गळून पडला. "आई, हे थांबत नाय गो," तो म्हणाला. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. आत काळीज इतकं जोरात धडधडत होतं की तिने हात झटकन मागे घेतला आणि जयरामच्या नावाने हाक मारली.

जयरामच्या जीपने त्याला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागली, छातीला वायरी लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "काय घेतो तो? कधीपासून? आणि त्याला कोण आणून देतं?" रेश्माने मान खाली घातली. "आमाला काय म्हाईत नाय," ती पुटपुटली. सासूला वाचवायला ती पोरगी खोटं बोलली.

"तो आनायचा," सकुबाई म्हणाली. "द्यायची मी. दसऱ्याच्या आधीपासनं, चहाच्या अगोदर." पदर तिच्या मुठीत गोळा झाला होता. "बाई, मागल्या सोमवारी तो बोलला होता, आई, आज नको, मला सोडायचंय हे. मी बोलले, औषध अर्धं सोडू नये. आनि मीच त्याचं तोंड उघडून घातलं."