यादीतलं ओसाड गाव
काल जुन्या बॅगेत जैसलमेरच्या सहलीची यादी सापडली. सहलीआधी कुडव्याच्या घरी मी ती आईला हौसेनं वाचून दाखवत होतो: सकाळी किल्ला, दुपारी वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या दिवशी कुलधरा, लोक कधीच सोडून गेलेलं ओसाड गाव. सुपातले खडे वेचणारे तिचे हात थांबले. "तिथल्या मातामायले दिवा कोन लावते?" मी हसलो, "माणूसच नाही तिथं, कोण लावणार?" "मंग पाहाले कायले जाऊन राहिलो आपन?" तिचं माहेर नवेगाव बांधच्या पल्याड, अभयारण्यासाठी जंगलातून उठवलेलं; गाव राखणारी देवी, मातामाय, तिथंच मागे राहिली होती. आता आई नाही. यादीत कुलधऱ्यासाठी अर्धा दिवस ठेवलाय. दुचाकीवर दोन तासांच्या तिच्या गावाला मी तिला एकदाही नेलं नाही.